चिखलातून परीक्षेला

शुक्रवार, १८ नोव्हेंबर १८७०. नोव्हेंबरात एडिंबऱ्याला दुपारचे चार म्हणजे दिवेलागणच. त्या वेळेला सर्जन्स हॉलमध्ये शरीररचनाशास्त्राची परीक्षा होती, डॉ. हँडिसाइड यांच्या वर्गाची. परीक्षेला बसणाऱ्यांत काही बायका होत्या. त्या चालत येत होत्या तेव्हाच त्यांना लांबून दिसलं, की फाटकासमोर तोबा गर्दी आहे. दोनेकशे पोरं असतील, बघे वेगळे. रस्ता इतका तुंबलेला की तासभर गाड्याघोडे जागचे हलले नाहीत. बायका फाटकापाशी पोचल्या तशी आत उभ्या असलेल्या पोरांनी ते त्यांच्या तोंडावर आपटून बंद केलं. ती पोरं धूर काढत होती, व्हिस्कीच्या बाटल्या या हातातून त्या हातात फिरत होत्या. बाहेरून चिखल उडत होता आणि शिव्या.

फाटक उघडलं तेही आतूनच. वर्गातल्याच एका मुलाला हे बघवलं नाही. तो धावत खाली आला, दार लावून धरणाऱ्यांना बाजूला सारून त्याने ते उघडलं आणि बायकांना आत घेतलं. त्या बाकावर जाऊन बसल्या. परीक्षा सुरू झाली, आणि मग कुणीतरी आवारात पाळलेली मेंढी दारातून वर्गात ढकलली. हँडिसाइड म्हणाले, राहू द्या तिला. ज्यांनी तिला आत धाडली त्यांच्यापेक्षा तिला अक्कल जास्त आहे.

परीक्षा आटोपल्यावर मागच्या दाराने निघून जायचं का, असं त्यांना विचारण्यात आलं. त्यांनी नको म्हटलं. वर्गातली काही मुलं त्यांच्या भोवती कडं करून उभी राहिली आणि सगळे मिळून पुढच्या दाराने बाहेर पडले.

या प्रसंगात माझं मन दर वेळी अडतं ते त्यांच्या कपड्यांपाशी. पायघोळ झगे, गुडघ्यापर्यंत चिखलाने जड झालेले, कापडातून गारठा आत शिरतोय, बाहेर गलका चालू आहे, आणि अशात हाडांची, स्नायूंची, धमन्यांची नावं एकामागून एक आठवायची. ज्याने कधी शरीररचनाशास्त्राची परीक्षा दिली आहे त्याला विचारा: कोरड्या कपड्यांत, शांत हॉलमध्ये, रात्रभर घोकून आल्यावरसुद्धा कुठली धमनी कुठल्या नसेच्या पुढून जाते ते ऐनवेळी सुचत नाही.

पोरांचा तो राग तसा जमून आलेला होता. या बायकांना रॉयल इन्फर्मरीत, म्हणजे गावच्या मोठ्या रुग्णालयात, रोग्यांपाशी शिकायला येऊ द्यावं का, यावरून त्या महिन्यात गाव पेटलं होतं. सह्यांचे अर्ज, सभा, वर्तमानपत्रांतली भांडणं चालू होती. पण तो राग उफाळून आला परीक्षेच्या दिवशी, परीक्षेच्या दारात. मला ते योगायोगाचं वाटत नाही. बायका पुस्तकं वाचत होत्या, पैसे मोजून शिकवण्या लावत होत्या, तोवर ते बहुतेकांनी खपवून घेतलं होतं. परीक्षा ही वेगळी गोष्ट होती.

वेगळी का, ते १८५८ च्या कायद्यात आहे. त्या साली ब्रिटिश पार्लमेंटने मेडिकल ॲक्ट केला आणि डॉक्टरांची एक सरकारी नोंदवही सुरू झाली. त्या वहीत नाव आलं तर तुम्ही डॉक्टर. नाव यायला ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एकोणीस परवाना देणाऱ्या संस्थांपैकी एकीची परीक्षा पास झालेली हवी. विद्यापीठं, वैद्यांची आणि शल्यवैद्यांची रॉयल कॉलेजं, लंडनची अपॉथिकरी लोकांची जुनी सोसायटी असे ते एकोणीस दरवाजे. बाईने डॉक्टर होऊ नये असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. एकोणीसही ठिकाणी परीक्षेला बसू दिलं नाही की काम भागत होतं. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचं नाव १८५९ मध्ये नोंदवहीत आलं ते अमेरिकेतल्या पदवीवर. १८५८ च्या आधी ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस केलेल्या परदेशी पदवीधरांसाठी कायद्यात एक कलम होतं, त्यातून. ते कलम मागाहून येणाऱ्यांच्या कामाचं नव्हतं.

पहिली फट सापडली एलिझाबेथ गॅरेटला. अपॉथिकरींच्या सोसायटीच्या सनदेत ‘व्यक्ती’ असा शब्द होता, ‘पुरुष’ असा नव्हता. सोसायटीने टाळाटाळ केली तेव्हा तिचे वडील न्यूसन गॅरेट यांनी कोर्टात खेचण्याची धमकी दिली. सप्टेंबर १८६५ मध्ये तिची परीक्षा झाली आणि ती पास झाली. तिच्यामागून दुसरी कुणी येऊ नये म्हणून सोसायटीने लगेच नियम बदलला: खाजगी शिकवणीवर शिकलेल्यांना यापुढे परीक्षेला बसता येणार नाही. आता बायकांना खाजगी शिकवणीशिवाय दुसरी सोयच नव्हती, कारण वैद्यकीय कॉलेजांत त्यांना घेतच नव्हते. नियमात बाई हा शब्द पुन्हा कुठेच आला नाही.

अशा परिस्थितीत सोफिया जेक्स-ब्लेकने १८६९ च्या मार्चमध्ये एडिंबरा विद्यापीठाकडे अर्ज केला. विद्यापीठाने सांगितलं, एका बाईसाठी वेगळी सोय करता येत नाही. सोफियाने हे उत्तर नकार म्हणून घेतलंच नाही. एकीसाठी होत नसेल तर आणखी जणी आणू, असं ठरवून तिने जोडीदारणी शोधायला सुरुवात केली. त्यांत इझाबेल थॉर्न होती, लेकुरवाळी, नवऱ्याबरोबर चीनमध्ये राहिलेली. तिथे तिचं एक मूल दगावलं आणि बायकांना बाई डॉक्टर हवी हे तिच्या मनाने घेतलं. आणि ईडिथ पीची होती, एसेक्समधल्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी, मास्तरकी करणारी, स्वतःच्या तयारीविषयी मनात धाकधूक असलेली. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही बाई पुढे मुंबईला येणार आहे.

१९ ऑक्टोबर १८६९ ला प्रवेश परीक्षा झाली. इंग्रजी, लॅटिन, गणित आणि आणखी काही विषय. १५२ जण बसले, त्यांत बायका पाच. निकाल लागला तेव्हा पहिल्या सात जणांत चार बायका होत्या. पुढे आणखी दोघी येऊन मिळाल्या आणि सात जणींचा हा गट एडिंबऱ्याच्या इतिहासात ‘सात’ म्हणूनच ओळखला गेला. विद्यापीठाने घेतलं, पण अट घातली: बायकांचे वर्ग वेगळे, आणि ते घ्यायचे की नाही हे प्राध्यापकाच्या मर्जीवर. वर्ग लहान म्हणून फी जास्त. परीक्षा मात्र तीच, प्रश्न तेच, गुण तसेच.

मार्च १८७० मध्ये रसायनशास्त्राची परीक्षा झाली. त्या विषयाच्या पहिल्या चार विद्यार्थ्यांना ‘होप शिष्यवृत्ती’ मिळे. तिच्यावर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फुकट काम करता येई. पहिल्यांदाच त्या वर्गाला बसलेल्यांत ईडिथ पीची सर्वांत वर आली. तिच्याही वर दोन मुलं होती, पण त्यांनी तो वर्ग आधी एकदा केलेला होता, म्हणून ते दोघे शिष्यवृत्तीला चालत नव्हते. म्हणजे हक्क ईडिथचा. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी शिष्यवृत्ती तिला दिली नाही, तिच्या खालच्या मुलांना दिली. कारण सांगितलं ते असं, की ती वेगळ्या वेळेच्या वर्गात शिकली, तेव्हा ती त्या वर्गाची विद्यार्थिनी नव्हेच. वेगळ्या वर्गात तिला बसवलं कुणी, तर विद्यापीठाने.

या शिष्यवृत्तीचा उगम बघण्यासारखा आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याच विद्यापीठातले प्राध्यापक टॉमस चार्ल्स होप यांनी गावातल्या स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्यानं दिली होती. व्याख्यानांना बायकांची रीघ लागली. त्या तिकिटांच्या पैशातून ही शिष्यवृत्ती उभी राहिली. बायकांच्या पैशाची शिष्यवृत्ती, परीक्षेत वर आलेली बाई, आणि तिलाच नकार. ईडिथने सिनेटकडे दाद मागितली, सिनेटने ती फेटाळली. पण बातमी एडिंबऱ्याबाहेर गेली, लंडनच्या वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली, आणि ज्यांना बायकांच्या वैद्यकीय शिक्षणाशी काही देणंघेणं नव्हतं अशा लोकांनाही हा सरळसरळ अन्याय वाटला. मला वाटतं, परीक्षेच्या निकालाची हीच ताकद असते. बाईची बुद्धी कमी की जास्त यावर वाद घालता येतो. गुणांच्या यादीवर घालता येत नाही.

विरोधकांचे म्होरके होते सर रॉबर्ट क्रिस्टिसन. विषशास्त्रातले मोठे नाव, राणी व्हिक्टोरियाचे स्कॉटलंडमधले वैद्य, विद्यापीठाच्या आणि इन्फर्मरीच्या जवळजवळ प्रत्येक समितीत त्यांची खुर्ची. विद्यापीठातले बरेच प्राध्यापक बायकांना शिकवायला तयार होईनात, म्हणून त्या सर्जन्स हॉलमधल्या बाहेरच्या अध्यापकांकडे गेल्या. तिथली ती शुक्रवारची परीक्षा. दंगलीनंतर जानेवारी १८७१ मध्ये इन्फर्मरीच्या देणगीदारांच्या सभेत सोफिया उभी राहिली आणि म्हणाली, त्या घोळक्याच्या पुढे क्रिस्टिसन यांचा वर्गसाहाय्यक होता. त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला, एक हजार पौंडांचा. ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पैशाच्या नाण्यांतलं सर्वांत हलकं नाणं. तरी कोर्टखर्च सोफियावर आला, नऊशे पौंडांच्या वर. लोकांनी वर्गणी काढून तो भरला.

आता एक गोष्ट सोफियाच्या बाजूची नसलेली. १८७२ मध्ये ती विद्यापीठाची पहिली व्यावसायिक परीक्षा नापास झाली. मधल्या वर्षांत कोर्टकचेऱ्या, सभा, पत्रव्यवहार हे सगळं तिच्याच डोक्यावर होतं. अभ्यासाला वेळ कुठून उरणार? पण तिला वाटलं, परीक्षकांनी मुद्दाम पाडलं. तिने तिच्या उत्तरपत्रिका टॉमस हक्सले यांच्याकडे दिल्या. हक्सले हे डार्विनचे पाठीराखे, नावाजलेले शरीररचनाशास्त्रज्ञ आणि स्त्रीशिक्षणाच्या बाजूचे. तेव्हा त्यांच्याकडून वाकडेपणाची भीती नव्हती. त्यांनी पेपर वाचून सांगितलं, परीक्षकांचं चुकलेलं नाही.

सोफियाची चरित्रं लिहिणाऱ्या काहींना हे अवघड जातं. मला हे तिच्या लढ्याचं बळ वाटतं. जी बाई परीक्षेच्या दारासाठी भांडत होती तिने परीक्षेचा निकाल त्रयस्थाच्या हाती दिला. ज्यांनी कधी उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागितली आहे त्यांना कळेल, की निकाल बदलला नाही हे ऐकणं काय असतं. ती खचली असेल, पण थांबली नाही.

१८७३ मध्ये स्कॉटलंडच्या वरच्या कोर्टाने बहुमताने निकाल दिला, की मुळात बायकांना प्रवेश देण्याचा विद्यापीठाला अधिकारच नव्हता. म्हणजे चार वर्षं शिकवलं, फी घेतली, परीक्षा घेतल्या, आणि आता पदवी नाही. त्या सात जणींना एडिंबऱ्याने पदव्या दिल्या त्या २०१९ मध्ये, मरणोत्तर; त्या वर्षी तिथे शिकणाऱ्या सात विद्यार्थिनींनी त्या स्वीकारल्या.

सोफिया लंडनला आली आणि ऑक्टोबर १८७४ मध्ये चौदा विद्यार्थिनींना घेऊन लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू झालं. शिकवायला चांगले डॉक्टर मिळाले. आता आपलं स्वतःचं कॉलेज झालं, पण परीक्षा? कॉलेजला परवाना देण्याचा अधिकार नव्हता. तीन वर्षांनी या मुलींनी जायचं कुठे?

१८७६ च्या सुरुवातीला सोफिया, ईडिथ आणि इझाबेल थॉर्न या तिघींनी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. ही छोटी परीक्षा होती, पण ती नोंदवहीला चालत होती. कॉलेजने वकिलांचा सल्ला घेतला. वकील म्हणाले, या अर्जांना नाही म्हणता येणार नाही. कॉलेजने होकार कळवला. आणि मग प्रसूतिशास्त्राच्या परीक्षकांच्या मंडळाने सगळ्यांनी मिळून राजीनामे दिले.

आपल्याकडे मेडिकलच्या मुलांचा तोंडी परीक्षेआधीचा ठरलेला प्रश्न असतो, ‘एक्स्टर्नल कोण आलाय?’ म्हणजे बाहेरचा परीक्षक: कडक आहे का, कशातून विचारतो, चिडतो का. इथे एक्स्टर्नल आलेच नाहीत. परीक्षा रद्द झाली. बायकांच्या बाळंतपणाचं ज्ञान बाईला आहे की नाही हे तपासायला लंडनमध्ये एकही माणूस तयार नव्हता. आधीच्या सगळ्या प्रसंगांत नियम, सनदा, वेगळे वर्ग अशी काहीतरी आडपडद्याची कारणं तरी दिली गेली. या वेळी पडदा उरला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच या राजीनाम्यांनी विरोधकांचं नुकसान जास्त केलं. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये रसेल गर्नी या खासदाराचा कायदा पास झाला. एकोणीसही संस्थांना बायकांची परीक्षा घ्यायची मुभा त्याने दिली. सक्ती केली नाही. पण आता ‘आम्हाला अधिकार नाही’ असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

पहिलं दार उघडलं डब्लिनला. आयर्लंडच्या किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्सने बायकांची परीक्षा घ्यायचं मान्य केलं. ईडिथ आणि सोफिया १८७७ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाची एम.डी. झाल्या, आणि त्याच वर्षी डब्लिनची परीक्षा देऊन त्यांची नावं नोंदवहीत आली. चिखलाच्या त्या शुक्रवारला साडेसहा वर्षं होत आली होती.

ईडिथ लीड्सला प्रॅक्टिस करू लागली. तिथे तिचा चांगला जम बसला. आणि मग मुंबईहून निरोप आला.

मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बेंगाली यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी निधी उभारला होता. त्यांचं म्हणणं असं, की पुरुष डॉक्टरपुढे नाडीदेखील न देणाऱ्या हजारो बायका इथे आहेत. त्यांच्यासाठी रुग्णालय हवं आणि ते पूर्णपणे बायकांनी चालवलेलं हवं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी पैसे दिले. नोव्हेंबर १८८३ मध्ये ड्यूक ऑफ कॉनॉटच्या हस्ते कोनशिला बसली आणि डिसेंबरात ईडिथ पीची बोटीतून मुंबईच्या धक्क्यावर उतरली. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती. त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी यांचं पहिलं वर्ष चालू होतं. त्या ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या.

इमारत होईपर्यंत जाफर सुलेमान दवाखान्यात ईडिथने काम सुरू केलं. ती हिंदुस्थानी शिकली. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं आणि ती त्याची प्रमुख झाली. तिथे नर्सांचं शिक्षण चालवलं, बालविवाहाविरुद्ध भाषणं दिली, बाई डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकाच पगार हवा म्हणून भांडली. १८८९ मध्ये तिने हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केलं. त्यांचं दारूचं दुकान होतं, आणि त्याच दुकानाच्या जागेत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा सुरुवातीचा संग्रह ठेवलेला असे. सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोन हिंदी डॉक्टर होते, दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन.

डॉ. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांच्या घरात रखमाबाई वाढल्या, शिकल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला, १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम दिला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि या बाईने सांगितलं की तुरुंगात जाईन. हा खटला मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याच्या तपशिलात मी जात नाही. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटलं. त्यात नवऱ्याला दोन हजार रुपये देण्यात आले. मोकळं झालेल्या या बाईने पुढे करायचं काय? डॉक्टर हो, असं सांगणाऱ्यांत आणि त्यासाठी पैसे उभे करण्यात ईडिथ पीची पुढे होती.

ते सांगताना तिच्या मनात एडिंबऱ्याचं ते फाटक आलं असेल का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण दोघींच्या आयुष्यांत मला एक साम्य दिसतं. एकीला सांगितलं होतं, तू वर्गातली नव्हेस. दुसरीला कोर्टाने सांगितलं, तू तुझ्या घरातली नव्हेस, त्याच्या घरातली आहेस. दोघींनी ते ऐकलं नाही.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सोफियाने सुरू केलेल्या त्याच लंडन स्कूलमध्ये दाखल झाल्या. तेव्हा तिथल्या मुलींना परीक्षेला कुठे बसायचं हा प्रश्न पडत नव्हता. दारं एकेक करून उघडली होती. लंडन विद्यापीठाने तर १८७८ मध्येच आपल्या सगळ्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या होत्या. रखमाबाईंना अभ्यास करायचा होता, घोकायचं होतं, परीक्षकासमोर उभं राहून उत्तर द्यायचं होतं, इतर कुणाही विद्यार्थ्यासारखं.

इकडे मुंबईत ईडिथ पीची-फिप्सन मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर गेली. त्या सिनेटमधली ती पहिली स्त्री. कुठली परीक्षा कशी घ्यायची, तिला कुणी बसायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत आता तिला खुर्ची होती.

१८९४ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने बायकांची वैद्यकीय पदवीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी रखमाबाई डॉक्टर झाल्या. मग त्या बोटीने हिंदुस्थानात परत आल्या आणि सुरतेला बायकांच्या रुग्णालयात कामाला लागल्या.